नववा वाटा

ती बंदूक एकोणीस दिवस बेपत्ता होती. नोकरीतल्या कित्येक मोठ्या गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झाले आहेत, पण ते एकोणीस दिवस मला अजून ओळीने सांगता येतात.

साठच्या दशकाचा मध्य होता. मी पालघर ठाण्याला फौजदार होतो आणि बोईसरचे औटपोस्ट माझ्याच हद्दीत होते. तारापूरला अणुवीज केंद्राचे बांधकाम चालू झाले होते. बोईसरला रोज नवे मजूर उतरत, चहाच्या टपऱ्यांवर हिंदी ऐकू येई. एवढी अनोळखी माणसे हद्दीत आली की पोलिसाला दोन गोष्टी लागतात, सायकल आणि याद्या. सायकल सरकारी होती, याद्या माझ्या. मजुरांच्या झोपड्यांची यादी, हद्दीतल्या परवानेधारकांची यादी, कोणत्या गावात कोणाशी बोलायचे याची यादी. जमादार म्हणे, "साहेब, तुमची वही हरवली तर तालुका हरवेल." तो स्वतः किनाऱ्यावरचा, कोळी घरातला. त्याला यादी लागत नसे. सगळी माणसे तोंडपाठ. याचाही मला थोडा हेवा वाटे.

खरा हेवा मात्र शेजारच्या ठाण्याच्या फौजदाराचा होता. तो माझ्याच तुकडीतला. त्याच्याकडे मोटारसायकल होती, आणि त्याचे अहवाल साहेब बैठकीत मोठ्याने वाचून दाखवत. माझे अहवाल त्याच्याहून नेटके असत, पण ते सरळ फाइलला लागत.

त्या वर्षी वरून एक अभिप्राय मागवण्यात आला होता. आमच्या भागात रानडुकरांपासून भात राखण्यासाठी शेतकऱ्यांना एकनळी ठासणीच्या बंदुकांचे परवाने दिलेले होते. नळीच्या तोंडातून दारू आणि छरे घालून गजाने ठासायचे आणि बार काढायचा, अशी ही बंदूक. सूचना अशी होती की पीक उभे असेल तेवढेच महिने या बंदुका घरी असाव्यात आणि बाकीचे महिने पोलीस ठाण्यात जमा कराव्यात. शेजारच्या फौजदाराने आठवड्यात उत्तर पाठवले, 'जमा कराव्यात.' त्याचे कौतुक झाले. माझेही मत तेच होते, पण मला त्याच्याहून भक्कम उत्तर पाठवायचे होते. म्हणून मी परवानेधारकांची बैठक बोलावली.

बैठक मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यात झाली. मी सूचना वाचून दाखवताच एक म्हातारा उठला.

"साहेब, डुकराला महिने कळतात काय? भात निघालं की तो वालात घुसतो. त्याला कोण सांगणार, बंदूक ठाण्यात हाय, तू पावसाळ्यात ये?"

त्यावर एका गावचा पोलीस पाटील म्हणाला, "आन् लग्नात बार काढता ते? माझ्या गावात एकाचा अंगठा गेला. नवरदेव काय डुकर होता?"

सगळे हसले. नवरदेव कोण होता हे ठाऊक असलेले जरा जास्तच हसले.

"बंदूक माझी, परवाना माझा," तिसरा म्हणाला. "चूक एकाने केली तर त्याची काढून घ्या. सगळ्यांच्या कशाला? आन् ठाण्यात गंजली तर? तुमचा शिपाई तेल लावील?"

"शिपायाला डोक्याला लावायला तेल मिळत नाय," जमादार मागून म्हणाला.

पुढच्या रांगेत पांढरी टोपी घातलेला पन्नाशीचा एक शेतकरी बसला होता. नाव लिहीत नाही. पुढे त्याचा चुलतभाऊ येणार आहे, म्हणून याला थोरला म्हणतो. थोरला शांतपणे उभा राहिला.

"ही बंदूक माझ्या आजोबांची हाय. आमच्या गावात दुसरी नाय. ती भिंतीवर दिसते म्हणून लोक आमच्या ओटीवर चपला काढून येतात. ती तुमी सहा महिने नेलीत तर आमच्या घरात आन् शेजारच्या घरात फरक काय राहिला?"

त्याच्या मागून कोणीतरी मोठ्याने हसले. मी विचारले, "कोण ते?"

"माझा चुलतभाऊ, साहेब. बारक्या. त्याला हसायची सवय हाय."

बारक्या तिशीचा, काटक. त्याने हात जोडले, पण मान खाली घातली नाही.

पाच दिवसांनी थोरला ठाण्यात आला तेव्हा त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती. बंदूक भिंतीवरून गेली होती. दारू ठेवायचे शिंग आणि छऱ्यांची पिशवीही गेली होती. दाराला कुठे फोडल्याची खूण नव्हती, कडी शाबूत होती. सगळे घर शेतावर होते तेव्हाचे काम. मी फिर्याद लिहून घेतली. सही करताना त्याने विचारले, "साहेब, परवाना जाणार काय?"

मी खरे ते सांगितले. हत्यार नीट न सांभाळल्याबद्दल परवाना निलंबित होईल, आणि त्या बंदुकीने कोणाला इजा झाली तर प्रकरण त्याच्याही अंगाशी येईल. त्याहून मोठी गोष्ट मी त्याला सांगितली नाही. चोरीच्या बंदुकीचा बार माणसावर निघाला असता तर सबंध तालुक्यातल्या बंदुका ठाण्यात आल्या असत्या. अभिप्राय लिहिण्याची गरजच उरली नसती.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या फौजदाराचा फोन आला. "काय रे, तुझ्या हद्दीतल्या बंदुका फिरायला जातात म्हणे?"

मी हसलो आणि फोन ठेवला. त्याच्या आधी बंदूक सापडलीच पाहिजे, एवढे एकच डोक्यात राहिले. घाईत मी सगळ्यात सोपी यादी उघडली, मजुरांची. दोन आठवडे आम्ही झोपड्या धुंडाळल्या. पेट्या उघडल्या, गोधड्या झटकल्या. एक मजूर वैतागून म्हणाला, "साहब, हम पत्थर तोड़ते हैं। सूअर मारने का टाइम किसके पास है?" त्याचे बरोबर होते. त्या लोकांना मी नाहक त्रास दिला. अनोळखी माणसावर संशय घेणे सोपे असते, कारण त्याच्या बाजूने बोलायला कोणी नसते. तपासात ही चूक मी अनेकांना करताना पाहिली आहे; त्या वेळी मीच करत होतो.

खबर आली ती भलतीकडून. किनाऱ्यावरच्या नवापूरची एक बाई सुकी मासळी घेऊन आतल्या गावांना आणि डोंगराकडच्या पाड्यांना जाई. मासळी द्यायची आणि बदल्यात तांदूळ घ्यायचा. परतताना ती जमादाराच्या घरी टेकत असे. त्या दिवशी टोपली उतरवून ती जमादाराच्या बायकोवर करवादली, आणि जमादाराने मला लगेच बोलावून घेतले.

"सांग साहेबांना," तो म्हणाला.

"काय सांगू? धंदा झाला नाय ते?" ती म्हणाली. "त्या वरच्या पाड्यावर गेले, एकीनं बोंबील घेतला नाय. दरवेळी माझ्या टोपलीवर पडतात. आज म्हणतात, नको गे, मटण हाय घरात. सगळ्या घरात मटण! मी म्हटलं, लगीन हाय काय? तर हसतात."

"कसलं मटण?" मी विचारले.

"मी काय हुंगत बसले? पाटीभर बोंबील परत आणला, माझी मान गेली."

सगळ्या घरांत एकाच दिवशी मटण म्हणजे शिकार. मी आणि जमादार दुसऱ्या दिवशी सकाळी बेटेगावच्या पुढे सायकली ठेवून चालत वर गेलो. पाड्यावर एक वृद्ध माणूस अंगणात टोपली विणत बसला होता. पोलीस पाहून त्याचे हात थांबले.

"डुक्कर मारलंत?" मी विचारले.

"कुत्र्यांनी धरला, बाबा. मग भाल्यानं मारला," तो म्हणाला. त्याला वाटले आम्ही जंगलखात्याच्या वतीने आलो आहोत.

"कोण कोण होतं?"

त्याने बोटांवर मोजत नावे सांगितली. सात जण पाड्यावरचे आणि आठवा खालच्या गावचा बारक्या. मी नावे वहीत लिहिली, बारक्याचेही; पण डुक्कर भाल्याने मेले तर बंदुकीचा संबंध नाही असे समजलो. मग निव्वळ सवयीने, यादी पुरी व्हावी म्हणून विचारले, "वाटे किती घातले?"

"नऊ."

मी नऊ लिहिले. माणसे आठ, वाटे नऊ. मला वाटले नववा कुत्र्यांचा. विचारले, तर म्हातारा म्हणाला, "कुत्र्यांला आतडी टाकली." मग वाटले देवाचा असेल. मी वही मिटली आणि निघालो.

अर्ध्या वाटेवर जमादार थांबला. "साहेब, वही दाखवा." त्याने दोन्ही आकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला. "नववा बंदुकीचा."

मी त्या भागातला नव्हतो. मला हे माहीत नव्हते. तिकडे शिकारीचे मांस सागाच्या पानांवर सारखे मांडतात. हाकारे घालणारा असो की नेम धरणारा, प्रत्येकाला एक वाटा. आणि त्याशिवाय एक वाटा बंदुकीचा. तो बंदुकीच्या मालकाच्या घरी जातो. मालक शिकारीला आला नसला, घरी झोपून राहिला असला, तरी तो वाटा त्याचा. भाल्याने मारलेल्या डुकराला नववा वाटा निघायचे कारणच नव्हते.

आम्ही परत वर गेलो. या वेळी जमादार म्हाताऱ्याशेजारी जमिनीवर बसला. "आजा, आमी जंगलखात्याचे नाय. डुकराचं काय नाय. बंदुकीचा वाटा कोणी नेला, तेवढं सांग."

"ज्याची बंदूक त्यानं."

"कोणाची?"

"बारक्याची," म्हातारा म्हणाला. "त्याला सरकारनं दिली ना? त्यानं सांगितला. म्हणला, आता माझ्या नावाची आली. आमी बरं म्हटला. त्याचा नेम चांगला हाय."

ठाण्यात येऊन मी केस डायरी लिहिली. 'वाट्यांच्या संख्येतील तफावतीवरून माझ्या लक्षात आले की' असे वाक्य मी त्या डायरीत लिहिले. ते जमादाराच्या लक्षात आले होते. डायरी साहेबांकडून शेजारच्या फौजदारापर्यंत पोचेल, हे मला ठाऊक होते, म्हणून तसे लिहिले. जमादाराने ते वाचले आणि डायरी परत टेबलावर ठेवली.

बारक्याला औटपोस्टवर बोलावले. तो आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आला. मी त्याला बसवले. माझा अनुभव असा की खोटे बोलणारा माणूस उभा असला तर तग धरतो. बसवला, चहा दिला आणि आपण कागद चाळत राहिलो की तो स्वतःच बोलायला लागतो. बारक्याने चहा संपवला, कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत बसला.

"दोन वाटे का नेलेस?" मी विचारले.

"डुकराचा माग मी काढला. त्याचा एक."

"माग काढणाऱ्याला मान असतो," जमादार म्हणाला, "वाटा नसतो. मला शिकवू नको."

बारक्या हसला. तेच बैठकीतले हसू. "जमादार, तुमी मासे खाणारी माणसं. तुमाला काय माहीत?"

"माझ्या घरात सुद्धा जाळ्याचा वाटा निघतो. ज्याचं जाळं त्याला. समदा किनारा वाट्यावर जगतो."

 मी मध्ये पडलो. म्हणालो, "पाड्यावरच्या कोणीतरी बार टाकला असेल. तुझं कशाला नाव घेतात? तुझ्या गावात नेम म्हटला की लोक थोरल्याचं नाव सांगतात."

ते मी मुद्दाम म्हटले नव्हते. चौकशीत खरोखरच दोघांनी तसे सांगितले होते. पण बारक्याचा चेहरा बदलला.

"दादाचा नेम? साहेब, त्याला पंधरा पावलांवर म्हैस दिसत नाय! दहा-बारा वर्षं गावातला प्रत्येक डुकर मी पाडला. तो शिकारीपुरती बंदूक हातात द्यायचा आन् ओटीवर बसून राहायचा. बार मी काढायचो आन् बंदुकीचा वाटा त्याच्या घरात जायचा. शेपटीसकट! वहिनी माझ्याच दारात भांडं घासायची, रस्सा कसा झाला ते सांगायची."

"म्हणून चोरलीस?"

"आधी मागितली ना! तुमाकडे अर्ज केला. रीतसर. तुमी काय लिहिलंत?"

मी जागेवरच रजिस्टर मागवले. अर्ज होता. त्याखाली माझ्या अक्षरात शेरा होता, 'अर्जदाराच्या घरात परवान्याची बंदूक आहेच. दुसरीची गरज नाही.' मी तो शेरा घरी न जाता, आडनाव आणि घराची नोंद पाहून लिहिला होता.

"घर एक नाय, साहेब," बारक्या म्हणाला. "चूल वेगळी, दार वेगळं, शेत वेगळं. आन् नकाराचा कागद तुमी कोणाच्या हाती दिलात?"

मला आठवले. थोरला त्या दिवशी परवान्याचे नूतनीकरण करायला आला होता. एकाच गावात जाणारा कागद, शिपायाची फेरी वाचते, म्हणून मी तो त्याच्या हाती दिला होता.

"दादानं तो विहिरीवर वाचला. बाया पाणी भरत होत्या. 'बारक्याला गरज नाय' म्हणाला. आठ दिवस पोरं मला बघून म्हणायची, याला गरज नाय."

त्यानंतर त्याने सगळे सांगितले. पोलिसापुढची कबुली न्यायालयात चालत नाही, पण आरोपीने दाखवलेल्या जागी माल सापडला तर तेवढा भाग पुरावा होतो. दोन पंच बोलावले, निवेदन लिहून घेतले आणि त्याच्यामागून शेतावरच्या खोपीत गेलो. छपराच्या पेंढ्यात, गोणपाटात गुंडाळलेली बंदूक निघाली. पंचनाम्यात मी तिचे वर्णन लिहिले, तेव्हा नवल वाटले. नळी आरशासारखी चकचकत होती. दस्त्याची सैल पडलेली पट्टी नव्या खिळ्यांनी बसवलेली, लाकडाला तेल मुरवलेले.

ओळख पटवायला थोरल्याला बोलावले. त्याने बंदूक उलटसुलट पाहिली आणि मान हलवली. "ही आमची नाय, साहेब. आमची गंजलेली होती."

मी नळीवरचा नंबर परवान्याशी ताडून दाखवला. तो बराच वेळ त्या नंबरावर बोट ठेवून राहिला. बारक्या हातात बेड्या घालून शेजारी उभा होता. थोरल्याने त्याच्याकडे पाहिले नाही.

मी दोषारोपपत्र दाखल केले. चोरी आणि विनापरवाना हत्यार बाळगणे. खटला पालघरलाच चालला. साक्षीला पहिला थोरला. मी निर्धास्त होतो, कागद चोख होते. सरकारी वकिलांनी विचारले, बंदूक तुमच्या संमतीवाचून नेली ना?

थोरल्याने टोपी काढली, हातात धरली. म्हणाला, "नाय. मीच दिली होती त्याला."

 थोरल्याने काय केले ते मला कळत होते. खोटे बोलून तो चुलतभावाला चोरीच्या शिक्षेतून वाचवत होता. बिनपरवाना माणसाच्या हाती बंदूक दिली म्हणून त्याचा परवाना कायमचा जाणार होता, आणि त्याने तो सोडला होता. आजोबांची बंदूक, ओटी, चपला काढून येणारी माणसे, सगळे. घरी काय बोलणी झाली असतील ते देव जाणे. मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. माझा चोरीचा खटला गेला असे धरून चाललो.

तेवढ्यात आरोपीच्या पिंजऱ्यातून ओरडणे ऐकू आले.

"खोटं हाय! साहेब, हा खोटं बोलतो! यानं दिली नाय. ती माझी म्हणून हा कधीच देणार नाय. मी घेतली! मी स्वतः भिंतीवरून काढली!"

त्याच्या वकिलाने त्याचा सदरा ओढला. तो बसेना. "लिहा ना! मी चोरली लिहा! यानं दिली असं लिहू नका!"

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी त्याला दोनदा समज दिली. तिसऱ्यांदा तो बसला, पण रडत होता. थोरला साक्षीच्या पिंजऱ्यात तसाच उभा, टोपी छातीशी.

दुपारच्या सुट्टीत थोरला मला व्हरांड्यात भेटला. "साहेब, मी त्याला वाचवत होतो. त्याला राग कशाचा आला?"

 जमादार म्हणाला, "दिली म्हणालास ना, म्हणून."

बारक्याला काही महिन्यांची सक्तमजुरी झाली. थोरल्याची साक्ष कोर्टाने विश्वासार्ह मानली नाही. पण हत्यार निष्काळजीपणे ठेवल्याबद्दल त्याचा परवाना निलंबित झाला आणि बंदूक ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत आली. शिपायाने तिला तेल लावले नाही. मी अधूनमधून जाऊन पाहत होतो, म्हणून मला माहीत आहे.

अभिप्राय मी त्यानंतर लिहिला. पूर्वीचे मत बदलले. बंदुका घरीच राहू द्याव्यात, कारण डुक्कर महिने पाहून येत नाही आणि परवाना घेऊन कायदा पाळणाऱ्या माणसाला वर्षातले सहा महिने संशयित ठरवणे बरोबर नाही. मात्र बंदूक कुलपात असावी, भिंतीवर दिमाखाला नसावी. लग्नात बार काढला तर परवाना रद्द. आणि बंदूक प्रत्यक्ष जो चालवतो त्याचे नाव परवान्यावर असलेच पाहिजे. हा शेवटचा मुद्दा मी अधोरेखित केला होता. बैठकीत शेजारच्या फौजदाराचाच अभिप्राय वाचला गेला, माझा फाइलला लागला. आमच्या तालुक्यात बंदुका घरीच राहिल्या, पण त्यात माझ्या कागदाचा वाटा किती ते मला सांगता येणार नाही.

केस डायरीतले ते वाक्य मात्र मी साहेबांसमोर तोंडी दुरुस्त केले. जमादाराचे नाव बक्षिसासाठी पाठवले. तो म्हणाला, "उशीर केलात, साहेब," आणि हसला.

या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच की हत्याराचा परवाना हा नुसता हत्याराचा नसतो. तो एका घरात एकाला मिळतो आणि त्याच घरात दुसऱ्याला मिळत नाही. छापील अर्जात त्यासाठी रकाना नव्हता. पुढे निवृत्त होईपर्यंत परवान्याच्या चौकशीला मी स्वतः घरी गेलो, आणि सगळी उत्तरे लिहून झाल्यावर, वही मिटून, एक प्रश्न विचारत राहिलो, "या घरात सगळ्यात चांगला नेम कोणाचा?" उत्तर मी लिहून घेत नसे. उत्तर देण्याआधी अर्जदार कोणाकडे पाहतो आणि कोणाकडे पाहायचे टाळतो, ते मात्र नीट पाहत असे.